भिंतीवरच्या छायाचित्राचा हक्क कोणाचा? पुण्यातील फ्रेम व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर आणि परिसरातील फ्रेम व्यावसायिक, वॉल आर्टचे विक्रेते व अंतर्गत सजावटकार

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्याने काढलेले छायाचित्र छापून, त्याला फ्रेम करून विकण्याचा हक्क आपण कोणाकडून, कोणत्या अटींवर आणि कोणत्या कागदाच्या आधारे घेतो, एवढ्या एकाच विषयावर हे पत्र आहे. मी स्वतः याच धंद्यात असल्यामुळे आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत, आणि पत्राच्या शेवटी जी विनंती करणार आहे ती या अडचणी लक्षात घेऊनच करणार आहे.

बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडी या भागांत नवी घरे आणि कार्यालये उभी राहिली तशी आपल्याकडची मागणी बदलली. पूर्वी गिऱ्हाईक फोटो घेऊन यायचे आणि आपण त्याला पट्टी, काच आणि पाठ लावून द्यायचो. आता गिऱ्हाईक रिकामी भिंत घेऊन येते आणि त्यावर काय लावायचे तेही आपल्यालाच विचारते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, दिवे घाटातून वळणे घेत चढणारी पालखी, पावसाळ्यातला सिंहगड, जुन्या वाड्याचा चौक अशी छायाचित्रे मोठ्या आकारात हवी असतात. म्हणजे पूर्वी आपण सेवा विकत होतो आणि आता प्रतिमा विकतो. कायद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, मात्र आपल्या दुकानांतले कागदपत्र अजून जुन्याच व्यवहाराचे आहेत.

ही सवय कशी पडली हेही समजण्यासारखे आहे. आपला धंदा देवादिकांच्या तसबिरींवर वाढला. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून पुढे आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. रविवर्मा १९०६ साली वारले आणि त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट केव्हाच संपला. त्यांची सरस्वती किंवा लक्ष्मी छापताना कोणाला विचारण्याची गरज नाही आणि कोणी विचारलेही नाही. हाच प्रघात आपण नकळत हयात छायाचित्रकारांच्या कामालाही लावला, आणि इंटरनेटवरून चित्र उतरवून घेणे सोपे झाल्यावर तो अधिकच पक्का झाला.

कायद्याची मूळ रचना थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती मानली आहे, आणि तिच्यात कलागुण आहे की नाही याने काहीही फरक पडत नाही. छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ती. कलम १४ प्रमाणे त्याच्या प्रती कोणत्याही भौतिक स्वरूपात काढण्याचा आणि त्या प्रती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडे असतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. छायाचित्रावर नाव नाही, वॉटरमार्क नाही, नोंदणी क्रमांक नाही, म्हणून ते कोणाचेच नाही, ही समजूत आपल्या बाजारात सर्रास आढळते आणि ती साफ चुकीची आहे. बालगंधर्व कलादालनातल्या प्रदर्शनातून एखादी प्रिंट रोख पैसे देऊन विकत घेतली, तर ती प्रिंट आपण भिंतीवर लावू शकतो, फ्रेम करून पुन्हा विकूही शकतो, परंतु तिच्यावरून दुसरी प्रत काढू शकत नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर मिळाली असली तरी हाच नियम लागू होतो.

मालकीच्या बाबतीत दोन पोटनियम मात्र लक्षात ठेवावेत. पहिला असा की, एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे आपण स्वतः छायाचित्रकाराला ठरावीक पैसे देऊन 'पर्वतीवरून दिसणारे शहर काढून आणा' असे सांगितले, तर चित्र आपल्या मालकीचे होऊ शकते. ही तरतूद आपल्या फायद्याची आहे हे खरे, तरी छायाचित्रकाराला ती आधी सांगावी असे माझे मत आहे, कारण त्याला बहुधा ती माहीत नसते आणि मागाहून कळली की संबंध बिघडतात. दुसरा पोटनियम वृत्तपत्रांतील नोकरीचा आहे. नोकरीत काढलेल्या छायाचित्राचा कॉपीराइट वृत्तपत्रात किंवा तत्सम नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता वृत्तपत्राच्या मालकाचा असतो आणि बाकीचे हक्क, करारात वेगळे नसेल तर, छायाचित्रकाराकडेच राहतात. पुण्यातल्या निवृत्त वृत्तछायाचित्रकारांच्या कपाटांत या शहराची किती चित्रे पडून असतील याचा विचार करा. त्यांच्याकडे आपल्यापैकी कोणी जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता 'फुकट' छायाचित्रांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे. अनस्प्लॅश, पेक्सेल्स यांसारख्या संकेतस्थळांवरची चित्रे व्यावसायिक कामासाठीही विनामूल्य वापरता येतात, एवढेच वाक्य आपल्यापर्यंत पोहोचले आहे. त्यापुढची अट पोहोचलेली नाही. अनस्प्लॅशच्या परवान्यात लक्षणीय बदल केल्याशिवाय चित्र विकण्यास मनाई आहे. पेक्सेल्सच्या अटींमध्ये तर पोस्टर, प्रिंट किंवा एखाद्या वस्तूवर छापलेली जशीच्या तशी प्रत विकू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आपण करतो ते नेमके हेच. एखाद्या दंतवैद्याने ते चित्र स्वतः छापून आपल्या दवाखान्यात लावले, तर ते चालते. आपण तेच छापून त्याला विकले, तर चालत नाही. चित्राचा रंग किंचित उबदार केला किंवा कृष्णधवल केले म्हणजे लक्षणीय बदल झाला, असा युक्तिवाद मी ऐकला आहे, आणि तो कोणी गंभीरपणे घेईल असे मला वाटत नाही.

पैसे देऊन घेतलेल्या स्टॉक छायाचित्रांचीही, म्हणजे संकेतस्थळांवर परवान्यासह विकायला ठेवलेल्या तयार चित्रांचीही, तीच गत आहे. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक या ठिकाणी सामान्य परवाना जाहिरात, माहितीपत्रक, संकेतस्थळ अशा वापरासाठी असतो. ज्या वस्तूचे मोल मुख्यतः त्या चित्रामुळेच आहे अशी वस्तू विकायची असेल, तर त्याहून बराच महाग असा विस्तारित परवाना घ्यावा लागतो. सजावटकार मंडळींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. तुमच्या कार्यालयातल्या मुलाने मासिक वर्गणीतून उतरवलेली फाइल तुम्ही फ्रेमवाल्याकडे पाठवता, तो छापतो आणि ग्राहकाच्या बिलात ती 'कलाकृती' म्हणून दाखवली जाते. या तिघांपैकी एकाकडेही विक्रीचा परवाना नसतो आणि प्रत्येकाची समजूत असते की तो दुसऱ्याकडे आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर आपले काम सर्वांना वापरू देण्याचे तयार परवाने, त्या मानाने सरळ आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर पुण्याची पुष्कळ छायाचित्रे नाव देण्याच्या आणि त्याच अटींवर पुढे देण्याच्या परवान्याखाली उपलब्ध आहेत. ती छापून विकता येतात, मात्र छायाचित्रकाराचे नाव, परवान्याचे नाव आणि त्याचा दुवा ग्राहकापर्यंत पोहोचवावा लागतो. फ्रेमच्या पाठीवर छोटी चिठ्ठी चिकटवली की काम भागते. ज्या परवान्यात व्यावसायिक वापर वर्ज्य आहे, ते चित्र मात्र आपल्यासाठी बंद समजावे. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा गुगलच्या चित्रशोधातून मिळालेल्या चित्रांविषयी वेगळे लिहायला नको.

आता परवान्याच्या कागदाकडे वळतो. कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो. चहाच्या टपरीवर 'लाव रे माझा फोटो' असे म्हटल्याने मैत्री सिद्ध होत असेल, परवाना सिद्ध होत नाही. कलम १९ मधल्या हस्तांतराच्या तरतुदी कलम ३०-अ अन्वये परवान्यालाही योग्य त्या फरकाने लागू होतात, आणि त्यांत काही गोष्टी आपण लिहिल्या नाहीत तर कायदा त्या आपल्या वतीने ठरवतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणजे परदेशातील नातलगांना भेट म्हणून फ्रेम पाठवण्याच्या ऑर्डर आपण ऑनलाइन घेत असू, तर तसे लिहून घ्यायला हवे. मिळालेला हक्क एक वर्षात वापरलाच नाही, तर वेगळे ठरलेले नसल्यास तो संपुष्टात येतो. पुढच्या दिवाळीसाठी म्हणून चित्रे जमवून ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

कायद्याने मागितलेल्या गोष्टींपेक्षा आपल्या धंद्यातल्या बारकाव्यांवरूनच भांडणे जास्त होतात, म्हणून त्याही कागदावर याव्यात. छायाचित्र कोणते, हे छोट्या प्रतिमेसह लिहावे, कारण 'सिंहगड ३' या नावाच्या फाइली प्रत्येकाकडे असतात. छपाई कागदावर, कॅनव्हासवर की अ‍ॅक्रिलिकवर आणि जास्तीत जास्त किती आकारापर्यंत, हे ठरवावे. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते. तीनशे डीपीआयने (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून) छापले तर ते २० बाय १३ इंचांपर्यंत स्वच्छ उतरते, आणि लांबून पाहण्याच्या भिंतीसाठी दोनशे डीपीआय धरून ३० बाय २० पर्यंत नेता येते. त्यापुढे ओढलेले चित्र फाटलेले दिसते आणि बदनामी छायाचित्रकाराची होते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेली फाइल तर पोस्टकार्डापलीकडे छापूच नये.

कातरण्याचा मुद्दाही असाच आहे. कॅमेऱ्याचे चित्र बहुधा तीनास दोन या प्रमाणात असते आणि आपल्या तयार फ्रेमा १६ बाय २० सारख्या आकारांत असतात, त्यामुळे कडेचा भाग जातो. कॅनव्हास चौकटीवर ताणून बसवताना प्रत्येक बाजूचा दीड-दोन इंच भाग मागे वळतो. पालखीच्या चित्रातली पताका किंवा घाटाचे शेवटचे वळण याच कडेला असते. कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट विकल्यानंतरही आपले नाव लावण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. म्हणून कातरलेल्या चित्राचा नमुना आधी दाखवून त्यावर संमती घ्यावी. त्याला एका मेसेजपेक्षा जास्त वेळ लागत नाही. फ्रेम दुकानात कुठे टांगली, दर्शनी लावली की जिन्याखाली, याबद्दल मात्र कर्त्याला या कलमाखाली तक्रार करता येत नाही, हेही सांगून ठेवतो.

छपाई बाहेर करून घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. लॅबला दिलेली मोठी फाइल तिथल्या संगणकावर राहते आणि काही महिन्यांनी तेच चित्र दुसऱ्याच दुकानात दिसते. तुमचा परवाना तुमच्यापुरता असतो. लॅबने फाइल पुसली की नाही, याची जबाबदारी छायाचित्रकार तुमच्यावरच टाकणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

मोबदल्याविषयी मते वेगवेगळी असू शकतात. माझे मत मांडतो. एकरकमी पैसे देऊन कायमचा हक्क घेण्याकडे आपला कल असतो, कारण हिशेब ठेवावा लागत नाही. परंतु चित्र चालेल की नाही हे दोघांनाही ठाऊक नसताना ठरवलेली रक्कम कोणावर तरी अन्याय करतेच. मला प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे ठरावीक टक्केवारी आणि सुरुवातीला थोडी आगाऊ रक्कम ही पद्धत बरी वाटते. टक्केवारी कशावर मोजायची, हा वादाचा मुद्दा असतो. समजा, २० बाय ३० ची फ्रेम साडेपाच हजारांना विकली. त्यात सागवानी पट्टी, आम्लरहित माउंट, अ‍ॅक्रिलिक, मागचा एमडीएफ आणि कारागिराची मजुरी आहे. त्यांच्यावर छायाचित्रकाराचा दावा नाही. छापील चित्राची किंमत दोन हजार धरली आणि पंधरा टक्के ठरले, तर त्याचे तीनशे रुपये होतात. गिऱ्हाइकाने महागडी पट्टी निवडली म्हणून ते वाढू नयेत आणि आपण फ्रेमवर सूट दिली म्हणून कमीही होऊ नयेत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. स्वामित्वधनावरचा (रॉयल्टीवरचा) टीडीएस आणि जीएसटी आपापल्या सीएला विचारावा, कारण छायाचित्रकाराने दिलेल्या कॉपीराइटवर काही प्रसंगी कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते आणि आपण त्यात मोडतो का, हे प्रत्येकाच्या व्यवहारावर अवलंबून आहे.

चित्रात काय दिसते, यावरही परवाना अवलंबून असतो. वास्तूंची आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांची छायाचित्रे काढणे व प्रसिद्ध करणे कलम ५२ प्रमाणे कॉपीराइटचा भंग ठरत नाही. त्यामुळे शनिवारवाडा, त्याच्यासमोरचा थोरल्या बाजीरावांचा पुतळा, नवी काचेची कार्यालये, यांच्याबाबत चिंता नको. भिंतींवर आणि पुलांच्या खांबांवर रंगवलेल्या चित्रांना मात्र ही सवलत स्पष्ट शब्दांत दिलेली नाही, म्हणून जिथे अख्खे छायाचित्र म्हणजे एखाद्या चित्रकाराची भिंतच आहे, तिथे त्या चित्रकाराचीही परवानगी घ्यावी. वारीतल्या, ढोल-ताशा पथकांतल्या चेहऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे. गर्दीचे चित्र वेगळे आणि एकाच वारकरी माऊलीचा चेहरा तीन फुटी कॅनव्हासवर छापून हॉटेलला विकणे वेगळे. तिथे कॉपीराइट छायाचित्रकाराचा असला तरी चेहरा त्या बाईंचा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिल्यानंतर ही बाब आणखी गांभीर्याने घ्यायला हवी. छायाचित्रकाराकडे संमतिपत्र आहे का, हे विचारणे आपले काम आहे. नसेल तर दुसरे चित्र निवडावे.

जुन्या पुण्याच्या चित्रांना सध्या फार मागणी आहे आणि 'जुने आहे, म्हणजे मोकळे आहे' असे मानून ती विकली जातात. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकत असे. त्या हिशेबाने १९५१ अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेली छायाचित्रे मोकळी झाली आहेत. २१ जून २०१२ ला दुरुस्ती लागू झाली आणि तेव्हा ज्यांचा कॉपीराइट शिल्लक होता, त्यांना इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत मिळाली. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची जी चित्रे आपण उपाहारगृहांना विकतो, ती या दुसऱ्या गटातली आहेत. छायाचित्रकार समजा १९८५ साली वारले असतील, तर २०४५ अखेरपर्यंत हक्क त्यांच्या वारसांकडे आहे. हे वारस याच शहरात, बहुधा पेठांत किंवा कोथरूडला राहत असतील. त्यांच्याकडे जाऊन विचारले तर परवान्याबरोबर मूळ निगेटिव्हही मिळण्याची शक्यता असते, आणि पुस्तकातून स्कॅन केलेल्या ठिपकेदार चित्राच्या तुलनेत त्यातून निघणारी प्रिंट किती सरस असेल, हे आपल्याला सांगायला नको.

'इतक्या लहान व्यवहारात कोण कोर्टात जातो?' हा प्रश्न आपल्या मनात असणार. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे, हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय कारवाई करता येईल असा) असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे, आणि दिवाणी दावा छायाचित्रकाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो. एवढे असूनही, फ्रेमवाल्यांना तुरुंगाची भीती दाखवून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. माझ्या मते दबाव ग्राहकाकडून येईल. मोठ्या कंपन्या आणि हॉटेले खरेदी करताना चित्रांच्या हक्काचा कागद मागू लागली आहेत. ज्याच्याकडे तो नसेल, त्याच्या हातून एक फ्रेम नव्हे, संपूर्ण मजल्याची ऑर्डर जाईल.

छायाचित्रकारांनाही या निमित्ताने दोन शब्द. फक्त नाव छापण्याच्या बोलीवर मोठ्या फाइली देऊ नका, आणि दिल्यानंतर सहा महिन्यांनी समाजमाध्यमांवर दुकानदाराची निंदा करू नका. आपला दर आधी सांगा. तुमच्यापैकी अनेकांकडे दरपत्रकच नसते, आणि मग दर आम्ही ठरवतो.

विनंती अशी आहे. आपण सर्वांनी मिळून मराठीत एकपानी परवानापत्र तयार करावे, ज्यात वर सांगितलेल्या बाबींसाठी रिकाम्या जागा असतील आणि जे कोणताही फ्रेमवाला किंवा छायाचित्रकार वकिलाशिवाय भरू शकेल. त्याचा मसुदा मी तयार केला आहे आणि कॉपीराइटची कामे करणाऱ्या वकिलांकडून तो तपासून घेण्याचा खर्च आपण वाटून घ्यावा असे सुचवतो. हे गणपतीपूर्वी झाले तर दिवाळीच्या खरेदीला उपयोगी पडेल. मसुद्यातील दोन कलमे मी मुद्दाम मोकळी ठेवली आहेत. मुदत संपल्यावर दुकानात शिल्लक राहिलेल्या फ्रेमा विकायला किती महिने मिळावेत, हे पहिले; मला सहा महिने पुरेसे वाटतात, पण घाऊक विक्रेत्यांना ते कमी पडतील. एकच चित्र शहरातल्या दुसऱ्या दुकानाला न देण्याची अट घातली तर त्याचा जादा मोबदला किती, हे दुसरे. या दोन्हींवर आपले म्हणणे लेखी कळवावे. छायाचित्रकारांचे म्हणणे मी स्वतंत्रपणे मागवत आहे.

आपला,
सदाशिव पेठेतील एक फ्रेम व्यावसायिक
पुणे